भाग चारशे बारा

१९ जानेवारी, रविवार

मंडळाचं हळदीकुंकू झालं. वाणात यंदा पुन्हा स्टीलची चाळणी. घरात आता पाच झाल्या, चाळायला माणसं मात्र दोनच.

यंदा कांताबाईंनी एक नवीन टूम काढली. त्या मंडळाच्या अध्यक्ष, आणि 'सात पायऱ्यांचं घर' या मालिकेच्या माझ्याहून कट्टर भक्त. मालिका सुरू झाल्याला एकवीस वर्षं झाली, तर प्रत्येकीनं आपला आवडता प्रसंग सांगायचा. अकरा वर्षं चालली ती, रोज दुपारी दीडला. त्या अर्ध्या तासात रायपुरातल्या कुठल्याही मराठी घराची बेल वाजवायची कुणाची टाप नव्हती.

मग काय, एकेकीला कंठ फुटला. नायिकेचा नवरा यशोधन, त्याचं काम करणारा पहिला नट सोडून गेला आणि अपघातानंतर पट्ट्या सोडल्यावर दुसऱ्याच माणसाचा चेहरा निघाला, ते झालं. सासू दोनदा मेली, ते झालं. एकदा नायिका शर्मिष्ठा रडत जिना चढली तेव्हा पायऱ्या आठ भरल्या होत्या, हे कांताबाईंनी बोटांवर मोजून सिद्ध केलं. हसून हसून पुरेवाट झाली.

शेवटी अनुश्रीची पाळी आली. ती म्हणाली, "मले तं तो चहाचा एपिसोड आवडते. शर्मिष्ठाले ताप येते, अन् यशोधन तिच्यासाठी स्वतः चहा करून आणते. दारात उभा राहून म्हणते, माझं चुकलं."

कांताबाई म्हणाल्या, "असा एपिसोड झालाच नाही, अनुश्री. शर्मिष्ठा तेव्हा घरात होती कुठं? ती तं पोट्टीले घेऊन निघून गेली होती न!"

"अब उमर हो गई दीदी," कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा पिकला. अनुश्रीनं माझ्याकडे पाहिलं. "सुजाता, तू सांग न यायले. तूच तं मले सांगितला होता."

मी म्हणाले, "मले आता नीट आठवत नाही." आणि चाळणी पिशवीत घालायला लागले.

मला सगळं आठवतं. तो प्रसंग मालिकेत नव्हता. तो मी रचलेला होता. आणि खोटं कशाला लिहू, एवढ्या बायकांत तिला तोच आवडता वाटला याचं मला क्षणभर बरंही वाटलं.

२१ जानेवारी

ही डायरी परागनं बँकेतून आणून दिली तेव्हा पोराला म्हटलं होतं, मी काय लिहिणार? आता लिहिण्याजोगं निघालं आहे, आणि ते दुसऱ्या कुणाला सांगण्याजोगं नाही.

मी लग्न होऊन अमरावतीहून इथं आले तेव्हा शिरीषच्या ऑफिसपलीकडे कुणाला ओळखत नव्हते. तेलीबांध्याला, तलावाजवळ, भाड्याचं घर होतं. शेजारी अनुश्री राहायची. मूळची वर्ध्याची, विमा कंपनीत नोकरीला. दुपारी दीडला ती ऑफिसात. घरी टीव्हीचा रिमोट तिच्या नवऱ्याच्या ताब्यात. म्हणून रोज संध्याकाळी आम्ही दोघी तलावाच्या काठानं चालायला जायचो आणि मी तिला त्या दिवसाचा भाग सांगायची. तेव्हा तलाव एवढा सजलेला नव्हता, रेलिंग नव्हतं, दिवे नव्हते. पण मी आवाज काढून सांगायची, सासूचा, यशोधनचा, मोलकरणीचा. अनु म्हणायची, सुजाता, तुझ्यापुढं टीव्ही काय चीज आहे.

आजवरच्या आयुष्यात माझं इतकं लक्ष देऊन दुसऱ्या कुणी ऐकलेलं नाही.

२४ जानेवारी

आज तलावावर अनु म्हणाली, "आमच्या पोट्टीनं, स्वरदानं, फोनमध्ये ते ॲप टाकून देल्लं. सगळे जुने भाग आहेत त्याच्यात, पहिल्यापासून. आता मी पाहून राहिली. तो चहा काढून दाखवतो म्हटलं कांताबाईले."

मी विचारलं, "किती झाले?"

"नऊ. लय मजा येऊन राहिली. अन् तू सांगायची अगदी तस्संच आहे, बरं."

पहिले चारशे अकरा भाग अगदी तस्सेच आहेत. काळजी तिथपर्यंत नाही.

२ फेब्रुवारी

साठावा भाग. रोज जेवण झाल्यावर सहा-सात बघते म्हणे. निवृत्त झाल्यापासून वेळच वेळ आहे तिला. मी म्हटलं, डोळे खराब होतील, सावकाश बघ. तिला माझी काळजी वाटली. "तुले झोप नाही येत का? चेहरा उतरला तुझा."

९ फेब्रुवारी

लिहून टाकते एकदाचं.

२००५चा जून. अनुश्रीनं पुण्याला बदली मागितली होती, घरी कुणाला न सांगता. पुण्यात तिचा भाऊ होता. तिचा नवरा, शेखरभाऊ, सिलतऱ्याला कारखान्यात सुपरवायझर. घरातही सुपरवायझरच. हात उचलला नाही कधी, हे अनु स्वतः सांगायची, जणू त्याचं प्रमाणपत्र द्यायचं आहे. पण भाजीत मीठ कमी पडलं तर ताट भिंतीवर. महिना महिना अबोला. आणि स्वरदासमोर 'तुझी बिनडोक आई'. बदलीची ऑर्डर आली, ती अनुच्या पर्समध्ये होती. पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं. स्वरदा नऊ वर्षांची.

त्याच दिवसांत मालिकेत शर्मिष्ठानं सामान बांधलं होतं. काठावरच्या दगडावर बसून अनु मला म्हणाली, हसत हसत, "शर्मिष्ठा काय करते ते पाहू. मग मी ठरवतो."

हसत म्हणाली होती. मी हे स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता भाग चारशे बारा लागला. शर्मिष्ठा मुलीचा हात धरून सातही पायऱ्या उतरली, फाटक उघडलं आणि गेली. मागं वळूनही पाहिलं नाही. मी टीव्हीपुढं बसून ढसाढसा रडले. संध्याकाळी अनु धावतच आली. "काय झालं, सांग लवकर."

मी सांगितलं, "तिसऱ्या पायरीवर थांबली. अन् परत फिरली."

स्वरदासाठी केलं मी. बापाविना पोर वाढवणं काय असतं ते मी माझ्या मावशीकडे पाहिलं होतं. एवढंच.

१० फेब्रुवारी

एक खोटं बोललं की झालं, असं नसतं. मालिका दुसऱ्या दिवशीही होती. शर्मिष्ठा तिकडे नाशिकला खानावळीत पोळ्या लाटत होती आणि मला इकडे तिला घरात ठेवायचं होतं. अकरा महिने मी रोज एक भाग रचला. दुपारी कणीक मळताना ठरवायची, संध्याकाळी सांगायची. सासू नरमली, नणंदेचं लग्न जमलं, यशोधन हळूहळू बदलला. हळूहळूच बदलवला मी त्याला, एकदम केलं असतं तर अनुला पटलं नसतं.

मग मालिकेनं बारा वर्षांची उडी मारली. शर्मिष्ठा त्याच घरात, केस पांढरे, भिंतीवर यशोधनचा फोटो आणि त्याला हार. माझी आणि त्यांची गोष्ट परत एका रस्त्याला लागली. सुटले, असं वाटलं होतं. बाकीच्या बायकांशी तिचं बोलणं व्हायचं भय नव्हतं. तेव्हा शेखरभाऊ तिला मंडळात येऊ द्यायचे नाहीत. ऑफिसात सगळे हिंदीवाले.

बदलीची ऑर्डर तिनं रद्द करवली होती. मला पेढे दिले होते तेव्हा. मी खाल्ले.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. साबुदाणा चिकट झाला. शिरीष म्हणाले, लक्ष कुठं आहे तुझं?

त्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, सीरियलच तर होती. वीस वर्षांनी कोण धरून बसतं?" आणि त्यांनी मला आल्याचा चहा करून दिला.

अनु दोनशे पस्तीसवर आहे.

६ मार्च

आज ठरवून गेले होते की सांगायचं. दोन फेऱ्या झाल्या. अनु म्हणाली, "डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. होळी झाली का ऑपरेशन करून घेतो." मग तेच बोलत राहिलो. मला हायसं वाटलं. मैत्रिणीला मोतीबिंदू झाल्याचं हायसं वाटणारी बाई मी.

१७ मार्च

उद्या ऑपरेशन. अनुनं फोन केला. "चारशे अकरा झाले पाहून. सामान बांधून झालं तिचं. अन् डॉक्टर म्हणते आता आठ-दहा दिवस मोबाईल पाहाचा नाही! तू येत जाय न घरी. पहिल्यासारखं सांग मले. तू पाहून ये अन् सांग."

तीच जागा, तोच भाग, आणि पुन्हा सांगणारी मीच. दहा मिनिटांनी मनात आलं, म्हणजे अजूनही काही बिघडलेलं नाही. पुन्हा तिसऱ्या पायरीवरून फिरवता येईल. ॲपवर काय, भाग गाळले असतील म्हणून सांगता येईल.

हे मनात आलं म्हणून लिहून ठेवते आहे.

२२ मार्च

गेले होते. अनु गॅलरीत काळा चष्मा लावून बसली होती. आत शेखरभाऊ, पेपर आणि टीव्ही दोन्ही चालू. निवृत्तीनंतर माणूस चोवीस तास घरात.

अनुनं माझ्यासाठी खुर्ची सरकवली. "हं, भाग चारशे बारा. चालू कर."

मी तोंड उघडणार तेवढ्यात आतून आवाज आला, "चहा झाला का?"

मी म्हटलं, "मी करतो, तू बस." अनु म्हणाली, "नाही, त्यायले माझ्याच हातचा लागते." भिंतीला हात लावत लावत ती आत गेली. चार दिवसांपूर्वी डोळ्याचं ऑपरेशन झालेली बाई गॅस पेटवत होती आणि मी खुर्चीवर बसून ऐकत होते. कप ठेवल्याचा आवाज आला. मग शेखरभाऊंचा, "एवढा वेळ? अन् साखर किती!" मग दुसऱ्यांदा गॅस पेटला.

ती परत आली तेव्हा मी सांगून टाकलं. "ती गेली, अनु."

"कोण?"

"शर्मिष्ठा. परत नाही फिरली. सातही पायऱ्या उतरली, पोट्टीले घेतलं अन् गेली."

"अन् तिसऱ्या पायरीवर थांबली होती ते?"

"थांबली नव्हती. ते मी सांगितलं होतं तुले."

काळ्या चष्म्यामुळे ती कुठं पाहते आहे ते कळेना. मग म्हणाली, "मग चहा?"

"चहा आमच्या घरचा होता. मले टायफॉइड झाला होता न, तेव्हा शिरीषनी आणून दिला होता दारात. तोच घातला."

"अन् माझं चुकलं म्हणाला तो?"

"ते पण शिरीषच म्हणाले होते. डॉक्टरकडे न्यायला उशीर केला म्हणून."

अनु हळू आवाजात म्हणाली, "मी कितीदा तापानं पडली, सुजाता. दर वेळी दाराकडे पाहाची. मले वाटे, यशोधनसारखा माणूस बदलला, तं हा बी बदलंन. थोडी कळ काढू. तू रोज सांगे न, हळूहळू होते म्हणून." मग तिनं विचारलं, "काहून केलं असं?"

"स्वरदासाठी. बापाविना पोट्टी..."

"शर्मिष्ठाची पोट्टी केवढी होती?"

"आठ वर्षांची."

"तिचं काय झालं मंग?"

मी म्हणाले, "तुले माहीत आहे तेच. डॉक्टर झाली."

अनु हसली. असं हसणं मी तिचं कधी ऐकलं नव्हतं. म्हणाली, "जाय आता तू घरी."

२५ मार्च

फोन उचलत नाही. तलावावर येत नाही. आज एकटीनंच फेरी मारली. जुन्या दगडाच्या जागी आता आइसक्रीमची गाडी असते.

३० मार्च

गुढीपाडवा. श्रीखंडाचा डबा घेऊन तिच्या दारापर्यंत गेले. शेखरभाऊंनी दार उघडलं, म्हणाले, "झोपली आहे." आत भांड्यांचा आवाज येत होता. डबा त्यांच्या हातात दिला.

२ एप्रिल

स्वरदासाठी केलं, असं मी वर लिहिलं आहे. वीस वर्षं तेच म्हणत आले. आज ते पान वाचलं आणि माझीच मला लाज वाटली.

स्वरदाचा मी विचारही केला नव्हता. त्या दुपारी टीव्हीपुढं रडत होते ते शर्मिष्ठासाठी नव्हतं. आता अनु जाणार, हे मला कळलं होतं. उद्यापासून संध्याकाळी मी कुणाबरोबर चालू? कुणाला सांगू? शिरीष चांगले आहेत, पण ते माझं बोलणं पेपर वाचता वाचता ऐकतात. मला कुणीतरी पाहिजे होतं, ते मी ठेवून घेतलं. तिचं अख्खं आयुष्य लागलं त्याला.

माफ कर, अनु. हे तिला सांगायचं सोडून डायरीत लिहिते आहे.

८ एप्रिल

स्वरदाचा पुण्याहून फोन. मराठी कळतं तिला, बोलते हिंदीच. "मावशी, आपने मम्मी को क्या बोला? उन्होंने टिकट करा लिया है, उन्नीस का. बोल रही हैं, अब यहीं रहूँगी तेरे पास. पापा को बता भी दिया!"

मी घाबरत विचारलं, "पप्पा क्या बोले?"

"बोले, खाना कौन बनाएगा." आणि मग ती रडायला लागली. "मावशी, मैं बचपन से वेट कर रही थी. मुझे लगता था मम्मी में हिम्मत ही नहीं है. मैंने कितना सुनाया है उनको इस बात पे."



१७ एप्रिल

अनुचा निरोप आला, तलावावर ये.

आली होती. चष्मा साधा, डोळा स्वच्छ. पहिली फेरी झाली. मी म्हटलं, "अनु, स्वरदासाठी नाही केलं मी. माझ्यासाठी केलं. तू गेली असती तं माझं कोण होतं इथं?"

"मले समजलं होतं," ती म्हणाली. "त्याच दिवशी समजलं. तुले समजाले वेळ लागला." मग म्हणाली, "मी पुढचे भाग पाहून घेतले. खानावळीचे. अकरा महिन्यांचे सगळे. तू तेवढे रोज रचून सांगत होती?"

"हो."

"तुझे चांगले होते. खऱ्यापेक्षा चांगले होते. म्हणून तं राहिली मी."

मला रडू फुटलं. तिनं मला रडू दिलं, पण पाठीवर हात ठेवला नाही. आधी नेहमी ठेवायची.

मी विचारलं, "परवा गाडी किती वाजता आहे? मी येतो स्टेशनवर. सामान असंन तुझ्याजवळ."

ती पाण्याकडे पाहत उभी राहिली. म्हणाली, "एक गोष्ट सांग. एक भाग त्या ॲपवर नाही, चारशे तेरा. शर्मिष्ठा गाडीत बसते तो. तू पाह्यला होता न? तिले पोचवाले स्टेशनवर कोणी आलं होतं का?"

मी तो भाग पाहिला होता. अजून डोळ्यांपुढं आहे. आणि शपथेवर लिहिते, उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. आली होती न, तिची शेजारीण, डबा घेऊन, गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभी. एवढंच म्हणायचं होतं. अनुनं विश्वास ठेवला असता. कदाचित ठेवायचाही होता तिला.

मी म्हणाले, "नाही. कोणी नव्हतं आलं. एकटीच गेली."

अनुनं मान हलवली. "मंग तू बी नको येऊ," ती म्हणाली.

१९ एप्रिल, शनिवार

गाडी वेळेवर सुटली. शिरीष मोबाईलवर बघून मला सांगत होते. दुर्ग गेलं. राजनांदगाव गेलं. आता गोंदिया. मी घरीच होते.